वेस्ट कोस्ट ट्रेल (व्हँकुव्हर बेट, कॅनडा): ७५ किमी, ७ दिवस. भरती-ओहोटी आणि सॅकचं वजन

पायपीट

नमस्कार मंडळी,

जूनच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं वेस्ट कोस्ट ट्रेल करतोय. परवाना मिळालाय. उत्तरेकडून, म्हणजे पचीना बेहून सुरुवात आणि गॉर्डन रिव्हरला शेवट. डोंगरातल्या अनेक दिवसांच्या ट्रेकची सवय आहे, पण समुद्राला लागून जाणारी वाट पहिल्यांदाच. आखणी अशी: मिशिगन क्रीक (किमी १२), सुसिॲट फॉल्स (२५), निटिनॅटची फेरी ओलांडून क्रिब्स क्रीक (४२), वॉलब्रन (५३), कॅम्पर बे (६२), थ्रॅशर कोव्ह (७०) आणि सातव्या दिवशी बाहेर.

विचारायचं आहे ते असं. शेवटचे दिवस ९, ८ आणि ५ किलोमीटरचेच आहेत. त्यातला एक दिवस कमी करता येईल का? कॅम्पर आणि थ्रॅशरच्या मधला ओवेन पॉइंट १.८ मीटरच्या खाली पाणी असतानाच पार करता येतो असं नकाशावर आहे, तर भरती-ओहोटीच्या कोष्टकातून नेमकी वेळ कशी काढायची? सॅक १९ किलोच्या खाली येत नाहीये, काय वगळावं? आणि या वाटेवर लोक साधारण कुठे अडकतात, कशामुळे?

खडपकर

दिवस कमी करू नका. उलट एक दिवसाचं जेवण जास्तीचं घ्या. किलोमीटरवरून दिवस ठरवण्याची डोंगरातली सवय इथे उपयोगी पडत नाही. पचीनापासून पहिले ४०-४५ किमी ताशी दोन ते तीन किमीने होतात. वॉलब्रनच्या पुढे हाच वेग ताशी एक किमीवर येतो. शिड्या, गुडघाभर चिखल, आडवे पडलेले ओंडके, मुळांचं जाळं. कॅम्पर ते थ्रॅशर ८ किमी म्हणजे सहा-सात तास धरून चाला. शेवटच्या ५ किमीलाही तीन-चार तास लागतात, आणि पुढे होडीची वेळ गाठायची असते.

आता कोष्टक. या किनाऱ्यावर रोज दोन भरत्या आणि दोन ओहोट्या येतात, पण त्या सारख्या नसतात. एक ओहोटी ०.६ मीटरपर्यंत उतरते आणि त्याच दिवशीची दुसरी १.९ वरच थांबते, असं सर्रास होतं. म्हणजे काही दिवशी ओवेन पॉइंटची संधी चोवीस तासांत एकदाच असते. "सकाळची चुकली तर संध्याकाळची पकडू" हा विचार म्हणूनच घातक आहे. तिथीवरून उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (लहान भरती-ओहोटी) ओळखणाऱ्यांनीही इथे त्या अंदाजावर विसंबू नये. दोन ओहोट्यांमधला हा फरक चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला किंवा दक्षिणेला आहे यावर ठरतो, नुसत्या अमावास्या-पौर्णिमेवर नाही. तुमच्या बाजूची एक गोष्ट अशी की उन्हाळ्यात या भागातली मोठी ओहोटी बहुधा सकाळच्या वेळेत पडते.

उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशोबापुरते आहेत. पहाटे २:०० ला भरती ३.४ मीटर, ८:४० ला ओहोटी ०.६, १५:०० ला भरती २.७. पाणी सारख्या वेगाने चढत-उतरत नाही. साधारण सहा तासांच्या चढ-उताराचे सहा भाग करा. पहिल्या भागात एकूण फरकाच्या १/१२, दुसऱ्यात २/१२, तिसऱ्या आणि चौथ्यात ३/१२, पाचव्यात २/१२, सहाव्यात १/१२. वरच्या उदाहरणात ओहोटीनंतर पाणी २.१ मीटर चढणार आहे. ०.६ वरून १.८ वर यायला १.२ मीटर, म्हणजे निम्म्याहून थोडं जास्त. ते बाराच्या सुमारास होईल. उतरताना तीच पातळी साधारण ५:४० ला येते. कागदावर खिडकी ५:४० ते १२:००. शेवटचा एक तास त्यातून काढूनच टाका, कारण कोष्टकात लाटांची उंची धरलेली नसते. हवेचा दाब १ हेक्टोपास्कलने कमी झाला की पाणी सुमारे १ सेंटिमीटर वर येतं, म्हणून वादळी हवेत कोष्टकापेक्षा २०-३० सेंटिमीटर जास्त पाणी मिळू शकतं. त्यावर लाटा वेगळ्याच.

मग उलट मोजा. ओवेनला ओहोटीच्या वेळी किंवा त्याआधी तासभर पोचायचं. कॅम्परपासून तिथवर जवळपास ५ किमी, तीन तास. म्हणजे पाच ते साडेपाचला कॅम्पर सोडायचं. जूनअखेरीला पाचच्या सुमारास तिथे फटफटतं, पण सुरुवातीच्या शिड्यांसाठी डोक्यावरचा दिवा जवळ असू द्या. ओवेननंतर थ्रॅशरपर्यंत तीनेक किमी मोठमोठ्या दगडांची रास आहे. काही धोंडे खोलीएवढे, मध्ये निसरडे ओंडके. याला दोन ते तीन तास लागतात, आणि हा भागही भरतीला अरुंद होतो. खूप जण ओवेन पार झालं की सुटलो असं समजतात आणि तिथल्या गुहांपाशी वेळ घालवतात. मागे पाणी चढत असतं.

छापील कोष्टक प्रमाण वेळेत आहे की उन्हाळी वेळेत, ते पहिल्या पानावर बघा. प्रमाण वेळेत असेल तर एक तास मिळवायचा. मिळवायच्या ऐवजी वजा केलात तर दोन तासांचा घोळ होतो, आणि मधल्या तासांत पाणी सर्वांत वेगाने चढत असतं. कॅनडाची कोष्टकं मीटरमध्ये असतात. अमेरिकन संकेतस्थळावरून फुटांतले आकडे घेऊन ते मीटरमध्ये बदलू नका, कारण दोन्ही देशांची शून्य पातळी वेगळी आहे. कॅनडाचं शून्य अधिक खाली धरलेलं असतं, त्यामुळे तेच पाणी अमेरिकन कोष्टकात कमी दिसतं आणि तुम्हाला खोटा दिलासा मिळतो.

खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकावर, पाय कुठे टाकायचा हेही आधी माहीत असलेलं बरं. बार्नकलचा (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचाच्या जिवांचा) खरखरीत पांढरा थर असलेला दगड पकड देतो. हिरवं शेवाळ निसरडं. काळपट, गुळगुळीत, तेल लावल्यासारखा दिसणारा थर सर्वांत वाईट, कारण तो दुरून कोरडा वाटतो. ओहोटीला उघडं पडणारं सपाट खडप मिळालं तर त्यावर झपाट्याने अंतर कापता येतं. पुळणीवर पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवर चाला. वरच्या कोरड्या वाळूत आणि गोट्यांत चालणं म्हणजे दुप्पट मेहनत.

खडपात लाटांनी कापलेल्या अरुंद घळी असतात, त्यांना तिकडे सर्ज चॅनल म्हणतात. दोन लाटांच्या मध्ये त्या रिकाम्या आणि उडी मारण्याजोग्या दिसतात. उडी मारू नका. पलीकडची कड ओली आणि उतरती असते, पाठीवर १८ किलो असतं, आणि आत पडलेला माणूस पुढच्या लाटेबरोबर भिंतीवर आपटतो. वळसा घाला, नाहीतर मागे फिरून जंगलाची वाट धरा. वॉलब्रन आणि लोगन क्रीकच्या मध्ये ॲड्रेनलीन नावाची अशी घळ आहे. त्या टप्प्यात किनाऱ्याने जाऊच नका, वरून जा.

देवदार

सॅकबद्दल. शरीराच्या वजनाच्या एक चतुर्थांश हे धरायचं माप, एक तृतीयांश ही शेवटची मर्यादा. शिड्यांवर प्रत्येक किलो हाताने वर चढवावा लागतो. १९ मधून तीनेक किलो सहज निघतील.

कपड्यांपासून सुरुवात करा. चालायचा एक जोड, तो रोज ओलाच घालायचा. तंबूत घालायचा एक जोड, तो काहीही झालं तरी बाहेर वापरायचा नाही. झालं. मोजे मात्र तीन जोड, त्यातला एक फक्त झोपेसाठी. सुती काहीही नको. उन्हाळ्यातही तिथलं तापमान १४ अंशांच्या आसपास असतं. पाऊस, वारा आणि ओला सुती बनियन एवढं हायपोथर्मिया (शरीराचं तापमान धोकादायक उतरणं) व्हायला पुरेसं आहे, त्याला बर्फ लागत नाही. या किनाऱ्यावर वर्षाला सुमारे ३ मीटर पाऊस पडतो, आणि उन्हाळ्यात पाऊस नसेल तेव्हा धुकं असतं. सॅकवरच्या रेनकव्हरवर विसंबू नका, ते पाठीकडून गळतं आणि झुडपांत फाटतं. आतून जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आणि स्लीपिंग बॅगला वेगळी ड्राय बॅग.

जेवण माणशी दिवसाला ७०० ते ८०० ग्रॅम, सगळं कोरडं. डबे, बाटल्या, पुठ्ठे घरीच काढा, कारण सगळा कचरा पाठीवरूनच परत आणायचा आहे. गॅसचा हिशोब: एक लिटर पाणी उकळायला साधारण १२ ते १५ ग्रॅम. दोघांना दिवसाला तीन लिटर धरलं तर ३६ ते ४५ ग्रॅम, सात दिवसांचे ३०० च्या आसपास. एक २३० चं आणि एक ११० चं नळकांडं पुरतं. विमानात ती नेता येत नाहीत, व्हिक्टोरियात उतरल्यावर घ्या. शेकोटीच्या भरवशावर गॅस कमी करू नका, ओली लाकडं पेटत नाहीत. शेकोटी करायचीच तर फक्त पुळणीवर, भरतीरेषेच्या खाली, वाहून आलेल्या लाकडांची.

पाणी वाहून नेण्याची गरज नाही, ओढे भरपूर आहेत. माणशी एक लिटर पुरे, आणि मुक्कामासाठी घडी होणारी एक मोठी पिशवी. ओढ्याच्या तोंडाशी भरतीचं खारं पाणी शिरतं, म्हणून थोडं वर जाऊन भरा. पाणी चहासारखं तपकिरी दिसेल. तो झाडापाल्यातला टॅनिन आहे, त्याने अपाय होत नाही, पण पाणी गाळून किंवा एक मिनिट खळखळून उकळूनच प्या.

ज्या गोष्टी वजन कमी करायच्या नादात काढू नका: घोट्याच्या वर येणारे बूट (आधी चांगले वापरलेले), गुडघ्यापर्यंतचे गेटर (बुटात चिखल जाऊ न देणारी पायावरची आवरणं), घडी होणाऱ्या दोन काठ्या, ओढे पार करायला सँडल, १५ मीटर दोरी, आणि एका घोट्याला घट्ट गुंडाळता येईल एवढं इलॅस्टिक बँडेज.

दोरी अन्न टांगायला. मुख्य मुक्कामांवर अस्वलांसाठी लोखंडी पेट्या आहेत, पण गर्दीच्या दिवसांत त्या भरतात. मग जमिनीपासून ४ मीटर उंच आणि खोडापासून ३ मीटर लांब टांगायचं. अन्नाबरोबर टूथपेस्ट, सनस्क्रीन, कचरा, ज्याला ज्याला वास आहे ते सगळं. तिथे काळी अस्वलं, कूगर (मोठं रानमांजर) आणि लांडगे तिन्ही आहेत. एका मुक्कामावर कुणी अन्न उघडं ठेवलं की ते जनावर पुढच्या प्रत्येक तंबूत डोकावतं, आणि शेवटी त्याला मारावं लागतं. म्हणून याबाबत कडक राहा.

शिड्यांवर: एका वेळी एका शिडीवर एकच माणूस. काठ्या घडी करून सॅकला बांधलेल्या, हातात अजिबात नाहीत. कमरेचा पट्टा घट्ट, म्हणजे सॅक मागे ओढत नाही. दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले. काही ठिकाणी शिड्या एकाखाली एक लागून आहेत आणि मधल्या फळीवर दोघांना उभं राहायला जागा नसते, तेव्हा वरच्याने ओरडून सांगितल्यावरच खालच्याने चढायचं. ओढा पायी ओलांडताना याच्या उलट: कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून ठेवायचा. पडलात तर सॅक अंगावेगळी करता आली पाहिजे.

लाकडी फळ्यांची वाट ही चिखलापेक्षा जास्त जणांना पाडते. जुन्या फळ्या ओल्या झाल्या की साबणासारख्या होतात, काही कुजून तिरक्या झाल्यात. फळीवर खिळ्यांची रांग दिसते, तिच्या खाली आधाराचा वासा असतो. पाय तिथे टाका. फळीच्या टोकावर किंवा मध्येच नको. चिखल चुकवायला कडेच्या मुळांवरून तोल सांभाळत जाण्यापेक्षा सरळ चिखलातून जा. तो थंड असतो, पण मूळ फसवतं.

नकाशेवाला

वरच्या दोघांशी सहमत, फक्त दिशेबद्दल वेगळं सांगतो. मी दक्षिणेकडून सुरुवात सुचवतो. गॉर्डन रिव्हरकडून निघालं की अवघड भाग ताज्या पायांनी होतो. थकलेल्या सहाव्या दिवशी ओवेनची दगडांची रास आणि शिड्या येण्यापेक्षा पहिल्या-दुसऱ्या दिवशी आलेल्या बऱ्या. सॅक तेव्हा सर्वांत जड असते हे खरं. म्हणून ज्यांची सॅक १५ च्या आत बसते त्यांनी दक्षिणेकडून, ज्यांची १८ च्या वर आहे त्यांनी उत्तरेकडून, असं माझं मत. तुमचा परवाना पचीनाचा आहे, त्यामुळे हा मुद्दा पुढे येणाऱ्यांसाठी.

त्यांच्यासाठीच आणखी थोडं. वाट १ मे ते ३० सप्टेंबर एवढीच खुली असते. रोज ठरावीक लोकांनाच सोडतात, आरक्षण पार्क्स कॅनडाकडे, आणि जुलै-ऑगस्टच्या तारखा लवकर संपतात. परवाना, आरक्षण आणि दोन्ही होड्यांचे पैसे मिळून माणशी २०० कॅनेडियन डॉलरच्या वर जातात. गट जास्तीत जास्त १० जणांचा. कुत्रा नेता येत नाही. निघण्याआधीचं ओरिएंटेशन (माहितीसत्र) सक्तीचं आहे. ते कंटाळवाणं समजून मागे बसू नका: कुठला पूल तुटलाय, कुठली केबल कार (ओढ्यावरच्या तारेवरून दोर ओढत न्यायचा पाळणा) बंद आहे, अस्वल कुठे फिरतंय, हे सगळं त्यातच कळतं आणि ते छापील नकाशावर नसतं.

ही वाट जंगलातून का जाते ते समजलं की आखणीही सोपी होते. १८८९-९० मध्ये इथे तारेची (टेलिग्राफची) लाइन टाकली. २२ जानेवारी १९०६ ला व्हॅलेन्सिया ही आगबोट पचीना पॉइंटजवळ खडकांवर आपटली आणि शंभरावर माणसं गेली. किनारा समोर दिसत असून वर चढायला वाट नव्हती. त्यानंतर तारेच्या लाइनची पायवाट रुंद करून फुटलेल्या जहाजांवरच्या लोकांसाठी सुटकेची वाट केली, आणि पचीनाचं दीपगृहही याच दुर्घटनेनंतर बांधलं गेलं. म्हणजे वरची वाट मुळातच किनाऱ्यावर भरवसा ठेवता येत नाही म्हणून आहे. ज्या ज्या ठिकाणी किनारा आणि जंगल असे दोन पर्याय आहेत तिथे शंका आली की जंगल. वेळ जाईल, चिखल लागेल, पण समुद्राने कोंडी होणार नाही. जिथे वर चढता येतं त्या जागी झाडांना मच्छीमारांचे रंगीत बोये टांगलेले असतात. किनाऱ्याने चालताना पुढचा बोया किती लांब आहे याचं भान ठेवा, कारण त्या दोन बोयांमध्ये बाहेर पडायला जागा नसते.

निटिनॅट नॅरोज (किमी ३२ च्या पुढे) ही खाडी होडीनेच ओलांडायची. पोहायचा विचारही नको, तिथे भरती-ओहोटीचा प्रवाह प्रचंड असतो. होडी डिटिडाट हे तिथले मूळ रहिवासी लोक चालवतात, दिवसाच्या ठरावीक वेळेतच. तुमचा तिसरा दिवस १७ किमीचा आहे, त्यात होडीची वाट बघणं आलं. सुसिॲट सकाळी सातच्या आत सोडा. पाय किंवा हवा साथ देत नसेल तर मध्येच बाहेर पडायची सोयीची जागा हीच: इथून सरोवरातून होडीने गावाकडे जाता येतं. पुढे कार्माना दीपगृहानंतर अशी सोय नाही, म्हणून "पुढे जायचं का" हा निर्णय निटिनॅटला घ्या, वॉलब्रनला नाही.

वाट हू-अय-आट, डिटिडाट आणि पचीडाट या मूळ रहिवाशांच्या तीन राष्ट्रांच्या भूमीतून जाते. मधले काही पट्टे त्यांच्या राखीव जमिनी आहेत, नकाशावर दाखवलेल्या. तिथे परवानगीशिवाय तंबू नाही, वाट सोडून फिरणं नाही.

पायपीट

मनापासून आभार. सॅकमधून २.८ किलो निघाले, बहुतेक कपडेच. आणखी तीन शंका. कॅम्परला पोचलो आणि दुसऱ्या दिवशीची ओहोटी दुपारी उशिरा असली तर? जोराचा पाऊस झाला तर ओढ्यांचं काय? आणि घोटा मुरगळला तर मदत कशी आणि किती वेळात येते?

खडपकर

दुपारी उशिराची असेल तर दोन सरळ पर्याय. पहिला, कॅम्पर ते थ्रॅशर पूर्ण जंगलातून. ही वाट कायम उपलब्ध आहे, भरतीशी तिचा संबंध नाही. ओवेन बघायचं राहील, एवढंच. थ्रॅशरच्या फाट्यावरून खाली पुळणीपर्यंत साधारण एक किलोमीटरची तीव्र उतरण आहे, शिड्यांसकट, आणि दुसऱ्या दिवशी तेवढंच परत चढायचं असतं. तेही वेळेत धरा. दुसरा पर्याय, कॅम्परला थांबून त्याच्या पुढच्या दिवसाची वेळ बघणं. ओहोटीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे एका दिवसाने दुपारची सकाळ होत नाही. थांबायचं ते हवा सुधारायला, वेळ सुधारायला नाही. दुपारी चारची ओहोटी पकडून संध्याकाळी दगडांच्या राशीवर जाणं, हे मात्र करू नका. अंधार, थकवा आणि चढतं पाणी एकाच वेळी येतात.

याच कारणासाठी घरूनच सातही दिवसांचं कोष्टक एका कागदावर लिहून न्या. प्रत्येक दिवसापुढे त्या टप्प्यातली अडचणीची जागा, तिची मर्यादा, आणि "या वेळेनंतर जंगलाने" अशी एक वेळ. ती वेळ घरी शांत डोक्याने ठरलेली असली की तिथे हुज्जत होत नाही. कागद लॅमिनेट करा.

पावसात: ओढे काही तासांत फुगतात आणि तसेच लवकर उतरतात. जिथे केबल कार आहे तिथे ती वापरा. एका वेळी सॅकसह दोघंच, बोटं कप्पीपासून लांब, लांब केस बांधलेले, आणि दोर आधी हातात आल्याशिवाय कठड्यावरून पाय उचलायचा नाही. जिथे ती नाही तिथे पाणी गुडघ्याच्या वर आणि गढूळ असेल तर थांबा. ओढ्याच्या तोंडाशी ओहोटीला पाणी पसरट आणि उथळ होतं, तिथून पार करणं बहुधा सोपं पडतं, मात्र पलीकडून येणाऱ्या लाटेकडे लक्ष हवं.

धन्वंतरी_के२

मदतीचं मी सांगतो. मोबाइल जवळपास सगळ्या वाटेवर निरुपयोगी. काही टोकांवर समुद्रापलीकडचं, वॉशिंग्टन राज्यातलं अमेरिकन नेटवर्क पकडतं, पण ते धरून चालू नका. उपग्रहावरून दोन्ही बाजूंनी संदेश देणारं उपकरण न्या. नुसतं बटण दाबायचं नको. "घोटा, चालता येत नाही, रक्तस्राव नाही, किमी ५८, पुळणीवर" एवढं लिहिता आलं तर सुटका करणाऱ्यांना होडी पाठवायची की काय ते ठरवता येतं. जागा नेहमी किलोमीटरच्या आकड्याने सांगा, वाटेवर खुणा आहेत. जंगलात उपग्रहाचा संदेश अडतो, उघड्यावर या.

सुटका बहुतेक वेळा होडीने होते. लाटा मोठ्या असतील तर होडी लागत नाही, धुकं असेल तर हेलिकॉप्टर येत नाही. म्हणून एक अख्खा दिवस आणि कधी त्याहून जास्त थांबावं लागेल हे गृहीत धरून सामान असू द्या. जखमी माणसाला थंडी आधी मारते. खाली मॅट, कोरडे कपडे, स्लीपिंग बॅग, वर तंबूचं कापड, गोड गरम पेय. मग घोटा. बूट लगेच काढू नका. दोन-चार पावलं टाकता येत असतील तर बुटावरूनच बँडेज घट्ट करून जवळच्या मुक्कामापर्यंत जाता येतं. एकदा काढला की सुजेमुळे परत चढत नाही. बोटं बधिर किंवा निळी पडत असतील तर मात्र बुटाची नाडी मोकळी करा, बूट सैल करा.

दिवसाच्या शेवटी दुखापतीचा धोका वाढतो. दिवसभर ओल्या फळ्यांवर तोल सांभाळून मांड्या थरथरायला लागतात आणि मुक्काम जवळ आल्यावर पाय घाईने पडतो. दर तासाला पाच मिनिटं बसणं आणि काहीतरी खाणं हा त्यावरचा उपाय. पायांची भिजलेली कातडी फोडांना लवकर बळी पडते. लाल ठिपका दिसला की तिथल्या तिथे टेप, संध्याकाळी नाही. आणि संध्याकाळी पाय पूर्ण कोरडे.

शिंपले, तिसऱ्या, कालवं तिथली अजिबात खाऊ नका, कितीही ताजी दिसली तरी. त्यांत साठणारं विष उकळून जात नाही, आणि त्याने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात.

हा किनारा भूकंपप्रवण आहे. २६ जानेवारी १७०० ला इथे झालेल्या प्रचंड भूकंपाची त्सुनामी जपानपर्यंत गेली, आणि पचीना बेवरचं गाव त्या रात्री वाहून गेल्याचं हू-अय-आट लोकांच्या मौखिक परंपरेत आहे. पुळणीवर असताना जमीन जोरात हलली, किंवा समुद्र अचानक आटल्यासारखा मागे गेला, तर सामान सोडून उंच जागी चढा. मुक्कामाला पोचल्यावर तंबूआधी वरची वाट कुठून चढते ते बघून ठेवा. पुढचे काही तास खाली उतरू नका, दुसरी-तिसरी लाट पहिलीपेक्षा मोठी असू शकते.

देवदार

तंबूचं राहिलं होतं. वाळूत साध्या खुंट्या धरत नाहीत. काठी किंवा दगड दोरीला आडवा बांधून फूटभर खोल पुरा आणि वर वाळू दाबा. जागा निवडताना ओल्या समुद्रशेवाळाची सर्वांत वरची रेषा शोधा आणि तिच्याही बऱ्याच वर लावा. रात्रीची भरती दिवसाच्या भरतीपेक्षा मोठी असू शकते, कोष्टक बघूनच झोपा. मोठ्या ओंडक्यांच्या आडोशाला वारा लागत नाही म्हणून मोह होतो, पण जे ओंडके समुद्राने आणून टाकलेत ते समुद्र परत उचलू शकतो. थ्रॅशर आणि कॅम्परला जागा कमी आणि गर्दी जास्त, त्यामुळे दुपारी दोनच्या आत पोचलात तर बरी जागा मिळेल.

नकाशेवाला

आणि शेवटच्या दिवशी गॉर्डन रिव्हरची होडी. ती ठरावीक वेळांनाच येते, शेवटची चुकली तर नदीच्या अलीकडेच रात्र काढावी लागते. ओरिएंटेशनमध्ये त्या दिवसाच्या वेळा विचारून त्याच भरतीच्या कागदावर लिहून घ्या. थ्रॅशरहून सकाळी सातला निघालात तर दुपारच्या आतली होडी निवांत मिळते. पोर्ट रेनफ्रूहून (गॉर्डन रिव्हरजवळचं गाव) व्हिक्टोरियाला किंवा तुमची गाडी पचीनाला असेल तर तिकडे जाणाऱ्या शटलची जागा मात्र आधीच, निघायच्या दिवसाला एक दिवस जोडून आरक्षित करा. कॅम्परला एक दिवस थांबायची वेळ आली तर गाडी चुकेल म्हणून घाई होणार नाही.